काचेची खालची बाजू

डाग निघेना. नागोजीनं आधी ओल्या फडक्यानं पुसलं, मग स्प्रे मारला, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं, फडकं बदललं, तोंडाची वाफ दिली, नखानं खरवडून पाहिलं. डाग जिथल्या तिथं. बाल्कनीतून सकाळचं ऊन तिरकं आत आलं की जेवणाच्या टेबलाची काच अशी पेटायची की तिच्यावर केसाएवढंही काही लपायचं नाही, आणि आज त्या उन्हात टेबलाच्या एका काठाशी, अव्वाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या खुर्चीसमोर, पांढरे फराटे दिसत होते. बोटाएवढे लांब, एकाशेजारी एक, काही एकमेकांवर चढलेले. कुणीतरी आतून काच खरवडून बाहेर यायला बघतंय असे. खाली आउटर रिंग रोडवर शनिवारीसुद्धा हॉर्न थांबले नव्हते, बेळ्ळंदूरच्या फेसाळलेल्या तळ्याचा तो आंबूस वास उन्हाबरोबर वर चढत होता, आणि त्याचा धाकटा भाऊ शार्दूल होसूरहून गाडी घेऊन निघाला होता, अव्वाला न्यायला. ‘चार दिवस राहून येते’ असं अव्वा म्हणाली होती. पण चार दिवसांसाठी कुणी देव्हाऱ्यातला टाक घेऊन जात नाही, पितळी खलबत्ता बांधून घेत नाही. दोन्ही वस्तू दाराशी ठेवलेल्या पिशवीत होत्या. आपली आई घर सोडून चालली आहे हे नागोजीला स्वच्छ कळलं होतं. आज तोंड उघडलं नाही तर ती परत येणार नाही हेही कळलं होतं. आणि हा गृहस्थ काच पुसत होता.

मग त्याचा हात सहज काठाखाली गेला आणि बोटाला रखरखीत लागलं. डाग वर नव्हताच. इतका वेळ तो डागाच्या पाठीवर हात फिरवत बसला होता. त्यानं बोट बाहेर काढलं, टोकाला पांढरं पीठ लागलं होतं, आणि का कुणास ठाऊक, त्यानं ते जिभेला लावलं. चटका बसला. चटका कसला, चटक्याची आठवण. वाळलेल्या चुन्यात आता तेवढा जीव नव्हता, पण जिभेनं ओळखलं. डोक्याला कळायच्या आधी जिभेला कळलं की हे पान खाणाऱ्या बाईचं बोट आहे. चुनाळ्यातून चुना घ्यायचा, पानाला लावायचा, बोटावर उरलेला पुसून टाकायचा. कुठं, तर टेबलाच्या खालच्या बाजूला. आयुष्यभर असंच केलेलं. काच आली म्हणून बोटाची सवय थोडीच बदलते.

जयनगरच्या घरातलं टेबल लाकडाचं होतं. अप्पा, म्हणजे नागोजीचे वडील, कारखान्यात सुपरवायझर झाले त्या वर्षी त्यांनी ते सुताराकडून करून घेतलं. तोवर घर जमिनीवर मांडी घालून जेवत होतं. कुठल्याशा सरदाराच्या घोड्यांमागून हे घराणं या मुलखात उतरलं तेव्हापासून जमिनीवरच. अप्पांना आता ते नको होतं. ऑफिसर लोक टेबलावर जेवतात. ऑफिसर लोकांच्या घरात बायका पान खात नाहीत, पान खाणं हे अडाण्यांचं काम. टेबलावर ओरखडा नको, हळदीचा डाग नको, तांब्याचं ओलं वर्तुळ नको. जेवण झालं की अप्पा तळहात फिरवून टेबल तपासायचे, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. तपासायचे ते वरून. खाली बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. खाली बघायला नागोजी होता. तो लहान होता आणि टेबलाखालची जागा त्याची होती. दुपारी अप्पा कानडी पेपर उघडून तोंडासमोर धरत आणि अव्वा त्यांच्यासमोर बसून, पदराआड, आवाज न करता पान लावी. पदराला बोट पुसावं तर डाग दिसणार, भिंतीला पुसावं तर बोलणी बसणार. मग तिचा डावा हात टेबलाखाली येई, नागोजीच्या डोक्यावर, आणि लाकडावर एक पांढरी रेघ ओढून परत जाई. खालून ते सगळं आभाळासारखं दिसायचं. त्याला वाटायचं, ढग आहेत. एकदा त्यानं ढग चाटून पाहिला.

जीभ सोलवटून निघाली. अव्वानं स्वयंपाकघरात नेऊन तूप लावलं आणि कानात म्हणाली, अप्पाला सांगू नको. रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, हा गप्प का आज. अव्वा म्हणाली, दात हलतोय त्याचा. त्या तुपाची चव नागोजीला अजून आठवते. आणि आठवतं ते हे की त्या घरात, त्या सगळ्या पुसलेल्या, तपासलेल्या, तळहात फिरवलेल्या घरात, अव्वाच्या मालकीचं असं जे काही होतं ते टेबलाच्या खालच्या बाजूला होतं. एवढंच. एका बाईला एका घरात फळीच्या पाठीएवढी जागा.

अप्पा गेले. वर्षांमागून वर्षं गेली. नागोजी आयटीत लागला, टेस्टिंगमध्ये. दुसऱ्यांनी केलेल्या कामातला दोष शोधणं हा त्याचा पगार. पुण्याची स्मृती ऑफिसात भेटली, लग्न झालं, दोघांच्या पगारावर बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतला. घर हलवायच्या दिवशी हमालांनी जेवणाचं टेबल उचललं आणि दारातून निघेना म्हणून उलटं केलं. खालची बाजू पांढरीशुभ्र. थरावर थर, कडेनं पोपडे सुटलेले. हमालांतला एक जण कानडीत म्हणाला, काय सार, टेबलाला व्हाइटवॉश केलाय की काय. सगळे हसले. स्मृती हसली, तिला ठाऊकच नव्हतं काय आहे ते. नागोजीही हसला. अरे, हे काय, असं काहीतरी बोललासुद्धा, जणू पहिल्यांदाच बघतोय. अव्वा तेव्हा तुळशीची कुंडी कशात ठेवायची ते बघत होती. टेबल तिथंच भंगारवाल्याला देऊन टाकलं.

काच घ्यायची ही स्मृतीची हौस नव्हती, ही त्याची स्वतःची अक्कल. काचेखाली काही साठत नाही, असं तो म्हणाला होता. वाळवी नाही, झुरळं नाहीत, घाण नाही. ऑफिसात सगळं काचेचं होतं. कॉन्फरन्सच्या खोल्या काचेच्या, साहेबांची केबिन काचेची, आणि ते लोक त्याला ट्रान्स्परन्सी म्हणायचे. मागच्या महिन्यात नागोजीनं त्या काचेतून बघितलं होतं, त्याचा मॅनेजर आणि एचआरची बाई समोरासमोर बसून बोलत होते आणि बोलता बोलता दोघांनी एकदमच त्याच्या खुर्चीकडे पाहिलं होतं. ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. पण हे तो घरी कुणाला बोलला नाही. घरी तो काच आणखीच पुसू लागला. काच कोरडी पुसायची नाही, धुळीचा कण फडक्यात अडकला तर ओरखडा जातो. गरम कुकर ठेवायचा नाही, कढई तर नाहीच. भांडं उचलून ठेवायचं, सरकवायचं नाही. काच आणि सांगाडा यांच्यामधली सिलिकॉनची बटणं जागेवर आहेत का ते बघत राहायचं, एखादं निसटलं की काच धातूवर टेकते आणि मग तिचं काही खरं नाही. दुकानातून काच बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, ही टफन्ड आहे सार, मधे तुम्ही उभे राहा, काही होणार नाही, काठाला मात्र जोराचं काही लागू देऊ नका, लागलं तर अख्खी काच तांदळासारखी सांडेल. नागोजीनं ते असं पाठ केलं जसं अप्पांनी कुणा ऑफिसरच्या घरचं जेवण पाठ केलं असेल.

अव्वानं पहिल्याच आठवड्यात त्या काचेवर आपलं जुनं इरकल नेसूचं लुगडं घडी करून पसरलं होतं. म्हणाली, झाक रे हे, उघडं-नागडं कसं दिसतंय, जेवताना आपलेच पाय दिसतात. नागोजीनं लुगडं काढून नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. काच झाकायची तर घ्यायची कशाला? हे तो हसत बोलला होता. हसत बोललेलं जास्त लागतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण करता येत होतं. त्यानंतर अव्वानं ते लुगडं खलबत्त्याला गुंडाळायला घेतलं. दात गेल्यापासून ती पान कुटून खायची.

आणि मग मागचा शनिवार. तो बेडरूममध्ये कॉलवर होता आणि बाहेरून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. पितळेचा, पण खाली काच असल्यामुळे त्यात एक बारीक किणकिण मिसळलेली, दातांच्या मुळांत जाणारी. तो कॉल म्यूट करून धावत बाहेर आला. अव्वा नॅपकिनची चौपदरी घडी करून, त्यावर खलबत्ता ठेवून, काठाशी बसून पान कुटत होती. काठाशी. नागोजीनं खलबत्ता हिसकावून घेतला. आवाज चढला. अव्वा, ही काच आहे, कळतं का तुला, फुटली तर तुकडे तुझ्या मांडीत जातील, डोळ्यांत जातील. बरोबर होतं ते. हीच तर पंचाईत होती. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाला थांबायचं कुठं हे समजत नाही. अव्वा म्हणाली, मग कुठं कुटू, खाली बसता येत नाही आता मला. आणि नागोजी म्हणाला, शार्दूलकडे जा मग. त्याच्याकडे ग्रॅनाइटचा कट्टा आहे, बस तिथं कुटत.

अव्वानं त्याच्याकडे बघितलं. ‘सरी,’ म्हणाली, म्हणजे ठीक. एवढंच. दुकानात हिशोब पटला की म्हणतात तसं. संध्याकाळी तिनं स्वतः शार्दूलला फोन लावला. त्या दिवसापासून ती टेबलाशी बसून जेवली नाही. ताट घेऊन आपल्या खोलीत जाई, पलंगावर बसून जेवी. सकाळची कॉफी तेवढी टेबलावर, कारण गरम पेला हातात धरून चालणं तिला जमत नसे. आणि कॉफी झाली की एक पान, दुमडून, तसंच गालात धरायचं. कुटताना चुना थेट खलबत्त्यात जाई, आता तो बोटावर उरू लागला. म्हणजे हे फराटे या आठवड्यातले होते. रागावून केले होते का? नागोजी वाकून बघत राहिला. नाही. रागाची रेघ अशी नसते. या रेघा झोपाळू होत्या. बोट आपणहून गेलं होतं जिथं आयुष्यभर जात आलं तिथं.

‘तू अजून तेच करतोयस?’ स्मृती बेडरूमच्या दारात उभी होती, हेडफोन गळ्यात. ‘शार्दूलचा मेसेज आलाय. सिल्क बोर्डच्या सिग्नलला पोचला.’

‘मग तासभर आहे अजून.’

‘जोक नको. आईंशी बोललास का?’

‘काय बोलू?’

‘सॉरी म्हण. सिंपल आहे. चुकलो, राहा म्हणायचं. कम्युनिकेट कर ना रे.’

‘आमच्यात सॉरी म्हणत नाहीत.’

‘हो, तुमच्यात काच पुसतात.’ ती वळली, आणि वळता वळता म्हणाली, ‘टेबलक्लॉथ मागवते म्हणाले होते मी. तूच नको म्हणालास. हे माझ्यावर ढकलू नकोस उद्या.’ दार बंद झालं. आतून तिचा ऑफिसचा इंग्रजी आवाज सुरू झाला, गोड, गुळगुळीत.

नागोजीला संताप आला. स्मृतीचा नाही, ती खरं बोलत होती. अव्वाचाही नाही. काचेचा आला. इतकी वर्षं काचेला जपता जपता त्यानं घरातल्या प्रत्येक माणसाला दमात घेतलं होतं. कोस्टर कुठंय, फडकं कुणी कोरडं वापरलं, हे वर्तुळ कुणाच्या पेल्याचं. जिला जपायचं ती वस्तू कधी थँक्यू म्हणत नाही, उलट तुमच्याच बोटांचे ठसे तुम्हाला दाखवते. आणि आता हे. हे निघालंच पाहिजे. अव्वा जायच्या आत निघालं पाहिजे. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं बाथरूममधून दाढीचं ब्लेड आणलं. काचेला ब्लेड लावायचं नाही हा नियम त्याचाच होता. व्हिनेगरचं फडकं डागावर धरून वाट बघायची, चुना भिजतो, सुटतो, धीर धरायचा. धीर नव्हता. तो फरशीवर उताणा पडला आणि सरकत टेबलाखाली गेला.

खालून सगळं वेगळंच होतं. फळांच्या वाडग्याचा तळ. मिठाच्या बाटलीचं बूड. काचेपलीकडे पंखा, पंख्यापलीकडे छत. लहान असताना इथं आभाळ होतं. आता आरपार. ब्लेड तिरकं धरून तो एकेक रेघ खरवडू लागला. चुन्याचं पीठ त्याच्या गालावर, पापण्यांवर पडत होतं. डोळे किलकिले करून तो खरवडत होता, आणि पावलं आली. टाचांच्या भेगांत राखाडी रेघा, अंगठा बाहेरच्या बाजूला कलंडलेला. खुर्ची मागे घेतली गेली, फरशीवरून ओढून नाही, उचलून. नियम. पेला काचेवर आला, तोही थेट नाही. आधी कॉर्कचं कोस्टर सरकवलं, मग थांबली, सरकवायचं नाही हे आठवून ते उचललं आणि ठेवलं, मग पेला त्यावर. आवाज होऊ नये म्हणून एवढी धडपड. मग काचेच्या पलीकडे तिचा चेहरा वाकला. हनुवटी आधी, मग नाकपुड्या, मग डोळे. आईचा चेहरा या कोनातून माणूस मांडीवर असताना बघतो, नंतर नाही.

‘काय करतोस रे खाली?’

‘चुना काढतोय.’

‘कुणाचा?’

‘कुणाचा म्हणजे? तुझा.’

‘हां.’ अव्वानं कॉफीचा घोट घेतला. तिचा घसा हललेला त्याला दिसला. ‘वरून दिसतोय व्हय?’

‘काच आहे अव्वा. दिसणारच.’

‘मला वाटलं, खालच्या बाजूला आहे, कशाला दिसतंय.’ तिनं काचेवर बोट टेकवून पाहिलं. ‘म्हणजे याला खालची बाजू नाहीच की.’

‘नाहीच.’

‘अवघड आहे बाबा.’

ती चेष्टा करत नव्हती. एखाद्याच्या घरात पाणीच येत नाही हे कळल्यावर म्हणावं तसं म्हणाली. नागोजी ब्लेड धरून पडून राहिला. आता बोलायचं. आत्ता. जाऊ नको, एवढे दोन शब्द. तोंडाशी आले आणि तिथं चुन्याच्या चवीत अडकले. त्यांच्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं.

‘आधीच्या टेबलाला होती. खालची बाजू.’

‘होती की.’

‘माझी जीभ भाजली होती.’

‘मग तूप लावलं की तुला.’

‘आणि अप्पांना सांगितलंस दात हलतोय म्हणून.’

‘हलतच होता एक. खोटं कशाला बोलीन मी.’ तिच्या ओठांची कड वर गेली आणि परत खाली आली. पेला कोस्टरवर टेकला. मग तिनं वाकून, काचेतून, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं. आवाज चढवला नाही, दुखावल्यासारखाही केला नाही. ‘म्हणजे तुला ठाऊक होतं. मग त्या दिवशी हमालांबरोबर हसलास कशाला?’

ब्लेड घसरलं. किर्र असा एक बारीक आवाज आला, जसा पाटीवर खडूतला खडा जातो, आणि काचेवर एक लांब, तिरकी, चकाकती रेघ उमटली. नागोजीनं हात मागे घेतला. कशाला हसला? सगळे हसत होते म्हणून. स्मृतीसमोर आपली आई पान कुटणारी, बोट टेबलाखाली पुसणारी निघाली म्हणून. आपणही त्या ढगांखाली वाढलो हे हमालांना कळू नये म्हणून. इतकी उत्तरं होती आणि त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. तिनं तुळशीची कुंडी बघता बघता सगळं बघितलं होतं. इतकी वर्षं बघून ठेवलं होतं आणि आज, जायच्या दिवशी, कॉफी पिता पिता समोर ठेवलं, पेला ठेवावा तसं, आवाज न करता.

‘काय झालं?’ अव्वा म्हणाली.

‘ओरखडा पडला.’

‘जातो का?’

‘नाही. हा जात नाही.’

‘राहू दे मग.’

‘बीपीची गोळी घेतलीस?’ नागोजीनं विचारलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

‘घेतली.’

इंटरकॉम वाजला. स्मृती आतून ओरडली, शार्दूल गेटवर आलाय, वर पाठवू का. अव्वानं उरलेली कॉफी एका घोटात संपवली, पदरानं ओठ टिपले, गुडघ्यांवर हात देऊन उठली. तिचे पाय नागोजीच्या डोळ्यांसमोरून दाराकडे निघाले. तो घाईनं सरकत बाहेर आला, कपाळ टेबलाच्या लोखंडी सांगाड्यावर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. अव्वा पिशवीशी वाकत होती. ‘ठेव,’ तो म्हणाला. त्याला ‘जाऊ नको’ म्हणायचं होतं आणि तोंडातून ‘ठेव’ आलं, आणि त्याहून जास्त काही येणार नाही हे त्याला कळून चुकलं. या घराण्यात शब्दांचं सामान कमी. मग त्यानं पिशवीच उचलली आणि फरशीवर बसून गाठ सोडली. टाक बाहेर काढून बाजूला ठेवला. औषधांची डबी. पानाचा डबा. खलबत्ता इरकल लुगड्यात गुंडाळला होता, त्यावर सुतळीचा पीळ. गाठ निघेना तेव्हा त्यानं दातांनी ओढली. खलबत्ता फरशीवर उभा राहिला, उघडा, पिवळा.

‘अरे, बांधलेलं सोडलंस व्हय?’ अव्वा म्हणाली.

‘कापड पाहिजे होतं.’

तो लुगडं घेऊन टेबलाशी आला. फळांचा वाडगा खाली ठेवला, मिठाची बाटली, कोस्टर, सगळं खाली. लुगडं झटकलं तसा पानाचा, काताचा, पितळेचा वास उठला. काचेवर पसरलं. एकीकडे घसरलं, दुसरीकडे आखूड पडलं, काठ कुठला आणि पदर कुठला हे त्याला समजेना. घडीच्या रेघा कापडात इतक्या मुरल्या होत्या की ते सपाट बसायला तयार नव्हतं. पण खाली काय आहे ते दिसेनासं झालं. फराटे गेले, ओरखडा गेला, फरशी, खुर्चीचे पाय, त्याच्या स्वतःच्या चपला, सगळं गेलं. एक टेबल राहिलं. स्मृती दारात येऊन उभी होती. तिनं हेडफोन काढला आणि काहीच बोलली नाही, यासाठी नागोजीनं मनातल्या मनात तिचे पाय धरले.

‘काच झाकायची तर घ्यायची कशाला?’ अव्वा म्हणाली. त्याचंच वाक्य, त्याच्याच चालीत. इतकी वर्षं जपून ठेवलेलं.

‘माहीत नाही,’ नागोजी म्हणाला.

‘उलटं घातलंस. काठ तिकडून घे. ओढ स्वल्प. आणखी.’

त्यानं ओढलं. दाराची बेल वाजली आणि शार्दूल आत आला, घामाघूम, हातात गाडीची किल्ली. ‘चल अव्वा, गाडी रस्त्यातच उभी केलीय, वॉचमन बोंबलतोय. किती सामान आहे?’ मग त्यानं फरशीवर मांडलेला खलबत्ता, डब्या, टाक बघितला. भावाच्या कपाळावरचं टेंगूळ, गालावरचा चुना बघितला. ‘काय चाललंय इथं?’

‘बस. कॉफी घे.’

‘कॉफी कसली, गाडी खाली...’

‘गाडीला काय पाय फुटलेत. बस म्हणते ना.’ अव्वा आपल्या खुर्चीशी गेली. ‘आणि मी कशी येऊ आता? खलबत्ता कशात बांधू? कापड याच्या टेबलाला गेलं.’

शार्दूलनं नागोजीकडे बघितलं. नागोजीनं खांदे उडवले. स्मृती म्हणाली, ‘मी कॉफी टाकते,’ आणि आत गेली, जरा घाईनंच. अव्वानं खुर्ची ओढली. या वेळी उचलली नाही, फरशीवरून खरखरत ओढली आणि बसली. पानाचा डबा मागितला. नागोजीनं दिला. तिनं तो लुगड्यावर ठेवला, थेट, कोस्टर न बघता, आणि एक पान काढून मांडीवर पुसलं. चुनाळ्यात बोट बुडवलं. पानावर फिरवलं. शार्दूल ट्रॅफिकबद्दल बोलू लागला, सिल्क बोर्डला कसा अडकला, कुठल्या मूर्खानं मधेच बस घातली. अव्वा हूं हूं करत होती. पान दुमडून गालात गेलं. मग तिचा डावा हात टेबलाच्या काठाखाली, लुगड्याच्या लोंबत्या कडेआड, शिरला.

नागोजीची मान वाकायला निघाली होती. जन्माची सवय, दोष बघितल्याशिवाय मानेला चैन पडायचं नाही. त्यानं ती ताठ धरली, मुद्दाम, दुखेपर्यंत, आणि बाल्कनीकडे तोंड करून तळ्यावरचा फेस बघत राहिला.